आमचा पावणो संरक्षणमंत्री

बाबा आरे कॉलनीत सुपरवायझर होते. एका युनिटातल्या सगळ्या म्हशी त्यांच्या देखरेखीखाली असायच्या आणि आम्ही कॉलनीतल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. मी दुसरीत असताना आफ्रिकेतल्या एका देशातून एक मुलगा तिथे दुधाचं शास्त्र शिकायला आला. देशाचं नाव मी इथे लिहीत नाही आणि त्याचंही नाही. तसंही त्याचं नाव आईला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. आम्ही मालवणकडचे, आमच्यात पाहुण्याला पावणो म्हणतात. आई त्याला पावणो म्हणायची, मग बाबाही म्हणायला लागले, आणि पुढे तो स्वतःच दाराबाहेरून "पावणो इलो" असं ओरडून आत यायला लागला.

तो आमच्याकडे आला तो तापाने फणफणलेला. बाबांच्या युनिटात त्याचं प्रॅक्टिकल होतं. धारा काढता काढता तो म्हशीलाच टेकून झोपला आणि म्हैसही बिचारी हलली नाही. बाबा त्याला खांद्याला धरून घरी घेऊन आले. आईने त्याला चार दिवस कुळथाची पिठी आणि भात घातला. ताप उतरला, तो हॉस्टेलवर गेला, आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला पुन्हा दारात उभा राहिला. तिथपासून दोन वर्षं तो आमच्याकडे जेवला.

वीस-एकवीस वर्षांचा, उंच, काळाकभिन्न, हसला की घर हलायचं. माझ्या दुसरीच्या पुस्तकावरून तो माझ्याबरोबर मराठी शिकला. लिहायला माझ्याकडून आणि बोलायला आईकडून. त्यामुळे त्याचं अक्षर शाळकरी होतं आणि बोलणं थेट वेंगुर्ल्याच्या बाजारातलं. चहा तो बशीत ओतून प्यायचा, डोळे मिटून, मोठ्ठा आवाज करत. ते त्याने बाबांकडून उचललं होतं.

सगळ्यांनाच त्याचं येणं आवडायचं असं नाही. शेजारच्या एका बाईंनी आमच्याकडून विरजण नेणं बंद केलं. आईने भांडण केलं नाही. त्या बाई पलीकडच्या घरून विरजण न्यायला लागल्या, आणि पलीकडचं घर आमच्याकडून न्यायचं. आई रोज त्यांचं दही लागलं का म्हणून विचारायची, अगदी आपुलकीने.

शिक्षण संपवून तो गेला. सुरुवातीला तीन पत्रं आली. पहिल्यात सरकारी फार्मवर नोकरी लागल्याचं होतं. दुसऱ्यात गाईंची वर्णनं होती. तिसऱ्यात लिहिलं होतं की हा फार्म गोऱ्या सरकारचा आहे, आम्ही दूध काढतो पण आमच्या माणसांची मुलं ते पिऊ शकत नाहीत, मी नोकरी सोडतोय. मग काहीच नाही. बाबांनी पाठवलेली दोन पत्रं शिक्के मारून परत आली. आई बरीच वर्षं मधूनच विचारायची, जिवंत आसतलो ना हो तो? बाबा म्हणायचे, असेल. आणि विषय बदलायचे.

त्याच्या देशात पुढे मोठी लढाई पेटली. पेपरात परदेशाच्या पानावर बातम्या यायच्या, आणि बाबांना त्यांचं वेडच लागलं. जंगलातल्या बंडखोरांचा एक कमांडर होता. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याला त्यांच्या भाषेतल्या एका काट्याच्या नावाने ओळखायचे. बाबा त्या कमांडरवर फिदा होते. जेवताना आम्हाला वाचून दाखवायचे की त्याने आज पूल उडवला, आज तो वेढ्यातून निसटला, सरकारी पलटण तीन दिवस त्याला शोधत होती आणि तो त्यांच्याच मागून चालत होता. बाबांचा आवाज असा चढायचा की जणू ते स्वतः झुडपात बसून बघत होते. आपला पावणो याला ओळखत असेल, असं ते दर चार दिवसांनी म्हणायचे. आई म्हणायची, माझ्या पावण्याला असल्या माणसाच्या नादाला लागायची काय गरज.

एका दुपारी आई फळीवरचे डबे खाली काढून फळीवर नवा कागद घालत होती. तो पेपर महिनाभर जुना होता. मी कॉलेजमधून आले तेव्हा ती मांडी घालून जमिनीवर बसली होती आणि कागदाकडे बघत होती. युरोपातल्या कुठल्या तरी शहरात युद्धबंदीच्या वाटाघाटी चालल्या होत्या, त्याचा फोटो होता. लांबलचक टेबल, एका बाजूला टाय लावलेले गोरे, दुसऱ्या बाजूला दाढीवाले काळे. मधोमध तो कमांडर. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. कमांडर बशीतून चहा पीत होता, डोळे मिटून.

"हो आपलो पावणो," आई म्हणाली.

बाबा म्हणाले की काहीतरीच काय, तो कमांडर आहे, खाली नाव छापलंय. आईने फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, दुसरं कोण त्या लोकांत बशीतून चहा पितंय ते दाखवा. बाबांनी भिंग आणलं. जमिनीवर बसले. मग गुडघ्यावर आले, मग पालथे झोपले आणि भिंगातून ती दाढी, ते कपाळ, ती बशी बघत राहिले. एकदम त्यांना हसू फुटलं. पोट धरून ते लोळायला लागले. ज्याच्या बातम्या मी सहा वर्षं वाचतोय तो माझ्या ताटाशेजारी जेवत होता, असं काहीतरी ते म्हणत होते, पण शब्द नीट बाहेर येत नव्हते. आई रडत होती आणि हसतही होती. डबे संध्याकाळपर्यंत जमिनीवरच राहिले.

बाबांनी त्याच रात्री पत्र लिहायला घेतलं. पत्ता माहीत नव्हता. पाकिटावर त्यांनी कमांडरचं नाव लिहिलं आणि खाली राजधानीचं नाव. पोस्टातला माणूस म्हणाला, हे पोचणार नाही. बाबा म्हणाले, तो वेढ्यातून निसटतो, पत्र का नाही पोचणार.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. जाड कागद, वर सोनेरी मुद्रा, खाली टाइप केलेलं: संरक्षणमंत्री. देश स्वतंत्र झाला होता आणि तो मंत्री झाला होता. इंग्रजी मजकूर साधाच होता, आभार आणि सदिच्छा. पण तळाला निळ्या शाईत, दुसरीतल्या मुलाच्या अक्षरात, ओळ तिरकी होत गेलेली: आये, मी बरो आसंय.

तो प्रत्यक्ष आला त्याला आणखी सहा-सात वर्षं गेली. तोवर बाबा रिटायर झाले होते, आणि आम्ही चारकोपला एका सेक्टरमध्ये तळमजल्यावरच्या घरात राहायला आलो होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. एका सकाळी सरकारी जीप दारात उभी राहिली. आरेतून आमचा पत्ता शोधत आलेला अधिकारी म्हणाला, पाहुण्या देशाचे संरक्षणमंत्री दौऱ्यावर येतायत, मुंबईत एक दिवस आहेत, आणि त्यांनी कार्यक्रमात एक खासगी भेट घालायला सांगितलंय. वीस मिनिटं. पत्ता हाच ना?

त्या आठवड्यात आमच्या सेक्टरची पुरती वाट लागली. सोसायटीने जिन्याला रंग दिला, आमचा तर जिन्याशी संबंधच नव्हता. हार कोण घालणार यावरून कमिटीत दोन गट पडले. एका सभासदाचं म्हणणं होतं की तोफेची सलामी द्यायला हवी, निदान लक्ष्मी बार तरी. पोलिसांनी फटाक्यांवर बंदी घातली तेव्हा तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

घर तपासायला इन्स्पेक्टर आले. चांगला माणूस होता, पण फॉर्ममध्ये एक रकाना होता: मंत्रिमहोदयांशी नातं. बाबा म्हणाले, आमच्याकडे जेवायला होता. इन्स्पेक्टर म्हणाले, ते नातं होत नाही. आई आतून म्हणाली, मग पावणो लिहा. इन्स्पेक्टरांनी बराच वेळ पेन हवेत धरलं आणि शेवटी लिहिलं: पाहुणा. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि तांदळाच्या डब्यात हात घालणार इतक्यात आईने त्यांना हात धुऊन यायला सांगितलं.

"काकू, मी बॉम्ब शोधतोय," ते म्हणाले.

"मग धुतलेल्या हातान शोधा," आई म्हणाली. ते धुऊन आले.

आदल्या दिवशी आणखी एक पाहुणी आली, गोरेगावहून. विरजण बंद करणाऱ्या त्या बाई. आल्या आल्या त्या बाबांना सांगायला लागल्या की आपल्या क्वार्टर्समधला मुलगा किती पुढे गेला, आम्ही सगळ्यांनी मिळून सांभाळला होता. मी आईकडे बघितलं. आईने त्यांना बसवलं, चहा दिला, आणि जाताना वाटीभर विरजण दिलं.

आईला मी इंग्रजी वाक्य शिकवलं होतं, 'यू आर मोस्ट वेलकम'. ती दिवसभर भांडी घासतानाही ते म्हणत होती. स्वयंपाकावरून वाद झाला. बाबांचं म्हणणं होतं की मंत्र्याला कुळथाची पिठी वाढणं बरं दिसत नाही, कोंबडी-वडे कर. आईने दोन्ही केलं, वर सोलकढी. मदतीला समोरच्या घरातली माझी मैत्रीण आली. ती सरकारी हॉस्पिटलात नर्स होती, बुलढाण्याकडच्या बौद्ध कुटुंबातली, तोंडाने फटकळ. वडे तळता तळता ती म्हणाली, "ए, हा खरंच येणार ना गं? नाहीतर एवढे वडे मला एकटीला खावे लागतील."

तो आला चालत. आमच्याकडे यायचा रस्ता पाइप टाकायला खणून ठेवला होता, गाड्या नाक्यावरच थांबल्या. आम्ही दारातून बघितलं तर ढिगाऱ्यांवरून एक जाडजूड, सुटातला, करड्या केसांचा माणूस उड्या मारत येत होता आणि त्याच्या मागे बंदूकवाले, टायवाले, आमचे इन्स्पेक्टर, सगळे धडपडत. चिखलात कसं चालायचं ते त्यालाच काय ते कळत होतं. दाराशी तो थांबला, बूट काढले, आणि ओरडला: "पावणो इलो."

आई 'यू आर मोस्ट वेलकम' विसरली. तिने त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "काय रे मेल्या, खंय होतंस इतकी वर्सां? मंत्री होयपर्यंत येक पत्र टाकूक हात मोडललो काय तुझो?"

सगळे बंदूकवाले ताठ झाले. मंत्र्याला कुणी असं धरत नसावं. प्रोटोकॉलचे अधिकारी माझ्याजवळ वाकून विचारायला लागले की मॅडम काय म्हणतायत. मी सांगितलं, त्या आनंद व्यक्त करतायत.

"रानात होतंय, आये," तो म्हणाला. "थंय पोस्टाची पेटी नाय." आणि मान खाली घालून उभा राहिला, जसा प्रॅक्टिकलला उशीर झाल्यावर बाबांसमोर राहायचा तसा.

त्याला पाटावर बसायचं होतं. सुटाची पँट सावरत तो एकदाचा बसला. त्याच्या सुरक्षारक्षकाने सांगितलं की साहेब बाहेरचं खात नाहीत. आईने मला विचारलं हा काय म्हणतोय. मी खरं ते सांगितलं. आईने त्या रक्षकाला हाताला धरून मंत्र्याशेजारी बसवलं आणि त्याच्यापुढेही ताट ठेवलं. पावणो पिठी-भात कालवत त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. त्याने बंदूक भिंतीला टेकवली आणि वडा उचलला. दहा मिनिटांत टायवाले, प्रोटोकॉलवाले, इन्स्पेक्टर, सगळे आमच्या त्या एवढ्याशा खोलीत गुडघ्याला गुडघा लावून जेवत होते, आणि माझी मैत्रीण वाढताना त्यांच्यावरून उड्या मारत होती.

बाबांना फक्त एक गोष्ट ऐकायची होती, की दूध शिकलेला मुलगा कमांडर कसा झाला. मग तो इंग्रजीत बोलायला लागला आणि मी मराठीत सांगत गेले. तो म्हणाला, मी जंगलात गेलो तेव्हा सगळे मला हसले. दुधाची पदवी घेऊन लढायला आलाय. मला बंदूक दिलीच नाही. सांगितलं, सीमेवरच्या गावांत जा आणि खायला काहीतरी आण. गावकरी आम्हाला घाबरायचे, काही देत नव्हते. मग एका गावात एका म्हातारीची गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं. मी बाही वर केली आणि हात घातला. आरेत एका म्हशीला तुम्ही तसंच सोडवलं होतंत, मी कंदील धरला होता. वासरू जगलं. त्यानंतर ज्या गावात जाईन तिथे लोक आजारी गाई दाखवायला आणायचे. गाईंना पाण्यावर न्यायच्या वाटा मला त्या लोकांनीच दाखवल्या, कुठल्याच नकाशात नव्हत्या त्या. पलटणी रस्त्याने यायच्या, आम्ही गाईंच्या वाटेने जायचो. दोन वर्षांनी लोक म्हणाले, याला वाटा ठाऊक आहेत, हाच पुढे चालू दे. झालो कमांडर.

 बाबांनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला, आणि आमच्या घरात बाबांनी कुणाला वाढलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

माझ्या मैत्रिणीने मध्येच विचारलं, "याला विचार, आता मंत्री झाल्यावर सोपं झालं का अवघड?" मी विचारलं.

तो म्हणाला, अवघड. जे इतकी वर्षं माझ्या माणसांवर गोळ्या झाडत होते आणि माझी माणसं ज्यांच्यावर झाडत होती, त्या दोन फौजांची मला एक फौज करायची होती. कवायत एकत्र करायचे, हुकूम पाळायचे. पण जेवायला एकत्र बसेनात. दोन चुली मागत होते. मी एकच चूल ठेवली. पहिल्या दिवशी कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी जाऊन तिथेच बसलो, मीही नाही जेवलो.

"मग?" मैत्रिणीने विचारलं. तिने पळी खाली ठेवली होती.

"तिसऱ्या दिवशी भूक जिंकली," तो म्हणाला. "एकमेकांकडे बघितलं नाही, पण जेवले. अजूनही काही जण बघत नाहीत."  मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे तर अजून पहिलाच दिवस चाललाय काही ठिकाणी, हे पण सांग त्याला. मी सांगितलं. तो तिच्याकडे बघून म्हणाला, दोन चुली देऊ नका. आणि तिने त्याला शेवटचे दोन वडे वाढले.

वीस मिनिटांचा दीड तास झाला होता. प्रोटोकॉलचे अधिकारी घड्याळ दाखवून दाखवून थकले होते. उठता उठता त्याने जाहीर केलं की विमानतळावर जाण्याआधी त्याला आरेतल्या म्हशी बघायच्या आहेत, आणि आम्ही सगळे बरोबर चलायचं. अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. पण मंत्र्याला नाही कोण म्हणणार.

आईला मंत्र्याच्या गाडीत बसवलं. मी पुढे, बाबा आणि मैत्रीण मागच्या गाडीत. चारकोपहून हायवेला लागेपर्यंत पुढची जीप भोंगा वाजवत होती आणि लोक बाजूला होऊन आत कोण आहे ते बघत होते. आत जरीच्या साडीतली माझी आई होती. आधी ती संकोचून बसली होती. मग एका सिग्नलवर कुणीतरी तिला नमस्कार केला, तिनेही केला, आणि मग ती गोरेगावपर्यंत दोन्ही बाजूंना नमस्कार करत राहिली. मंत्री दुसऱ्या खिडकीतून हात हलवत होता. मध्येच दोघं एकमेकांकडे बघायचे आणि हसत सुटायचे. ड्रायव्हरचे खांदेही मला हसण्याने हलताना दिसत होते. आरेच्या झाडांतल्या रस्त्यावर शिरल्यावर तिने ड्रायव्हरला भोंगा बंद करायला सांगितलं, आवाजाने म्हशी बिचकून पान्हा चोरतील म्हणाली. भोंगा बंद झाला.

युनिटात कुणाला काहीच कळवलेलं नव्हतं. म्हशीवाले भय्ये बादल्या घेऊन उभे, आणि एकदम बंदूकवाले आत. बाबांना बघितल्यावर सगळे निवळले. पावण्याने कोट काढून रक्षकाच्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि एका म्हशीखाली उकिडवा बसला. पहिल्या धारा बादलीबाहेर गेल्या. बाबा मागून ओरडले, अंगठा आत घेऊ नको, किती वेळा सांगितलंय. त्याने अंगठा बाहेर काढला. मग धार लागली, बादलीत वाजायला लागली, आणि तो मागे वळून असा हसला की म्हशीने एक लाथ झाडली. देशाचा संरक्षणमंत्री शेणात बसला. रक्षक धावले. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि म्हणाले, त्याला उठू दे, त्याला येतं उठायला.

मग विमानाची वेळ झाली म्हणून एकच धांदल उडाली. त्याने आईचे पाय धरले, बाबांना मिठी मारली, बाबांच्या शर्टावरही शेण लागलं. गाड्यांची दारं आपटली, धूळ उडाली आणि ताफा गेला. आम्हाला न्यायचं सगळे विसरले होते.

आम्ही चौघं म्हशींमध्ये उभे. आई जरीच्या साडीत, मैत्रिणीच्या हातात उरलेल्या सोलकढीची कळशी, जी तिने कधी उचलली ते तिलाही आठवत नव्हतं. चालत बसस्टॉपवर आलो. गोरेगाव स्टेशनची बस आली. शर्टावर शेण, साडीला जर, हातात कळशी असे लोक बघून कंडक्टरने विचारलं, लग्नाहून काय?

"नाय रे बाबा," आई खिडकीशी बसत म्हणाली. "संरक्षणमंत्र्यांका सोडूक गेल्लंव."

कंडक्टरने फक्त बरं म्हटलं आणि पुढच्या बाकाकडे गेला. मैत्रीण आधी हसत सुटली. मग मी, मग बाबा. हसून हसून बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कळशीतली सोलकढी हिंदकळत होती. आई मात्र गंभीर चेहऱ्याने बाहेर बघत होती, आणि रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या एका सायकलवाल्याला तिने नमस्कार केला.